उपाशी न राहणारी रोपं

त्या वर्षी माझी भाताची रोपं काही केल्या उपाशी राहीनात. मी त्यांना फॉस्फेटचा कणही देत नव्हते, त्यांच्या पाण्याची थेंबाथेंबाने चौकशी करत होते, आणि तरी ती गच्चीवर लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी तुकतुकीत दिसत होती. मला तेविसावं वर्ष चालू होतं. बी.एस्सी., एम.एस्सी. मी वर्गात पहिली आले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत रोपांच्या बारा बरण्यांनी पार मोडून टाकली.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत आम्ही तिघं राहत होतो: अप्पा, आई आणि मी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, कॉलेजात इंग्रजी. आमचं मराठी ऐकून महाराष्ट्रातून देवदर्शनाला आलेले लोक आधी चकित होत, मग गालातल्या गालात हसत. अप्पा एका कचेरीत जुने कागद सांभाळत, म्हणून त्यांना देवनागरी येत होती. मला त्यांनी ती दहाव्या वर्षी मारूनमुटकून शिकवली. आईला बसवरच्या तमिळ पाट्यांपलीकडे वाचता येत नव्हतं. पण गल्लीत कुणाच्या घरी लोणचं बिघडलं, कुणाचं मूल दूध टाकायला लागलं, की आधी आईला बोलावणं येई.

एम.एस्सी. झाल्यावर मी कॉलेजातल्या एका सरांकडे वर्षभराचं काम घेतलं. पुण्याच्या एका संस्थेत पुढच्या संशोधनासाठी एक जागा होती. तिथल्या बाईंनी सरांना कळवलं होतं की मुलीचं काम आम्हाला दाखवा, आकडे सरळ असतील तर जागा तिची. मार्च संपायच्या आत अहवाल पोचायला हवा होता. अप्पांनी मला शब्द दिला आणि माझ्याकडूनही घेतला. जागा मिळाली तर जा. नाही मिळाली तर ओरत्तनाडूच्या इंजिनियरचं स्थळ पाहायचं, आणि तोंड वाकडं करायचं नाही. मी हो म्हटलं. आकडे सरळ येणार याबद्दल मला काडीची शंका नव्हती. आईला कुणी काही विचारलं नाही. ती कोपऱ्यात वाटाणे सोलत बसली होती.

काम होतं मुळातल्या एका प्रथिनाचं. भाताच्या मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ पडदा असतो. फॉस्फेटला तो पडदा आपल्या बळावर ओलांडता येत नाही. त्यासाठी पडद्यात एक प्रथिन बसलेलं असतं. त्याची लांबलचक साखळी बारा वेळा पडद्यातून आतबाहेर जाते, आणि त्या बारा दांड्यांच्या मधोमध फॉस्फेटपुरती वाट राहते. बाहेर मातीच्या पाण्यात फॉस्फेट नावालाच असतं आणि आत पेशीत कितीतरी जास्त, म्हणजे जायचं ते चढावरून. त्यामुळे ते एकटं आत शिरत नाही, सोबत हायड्रोजनचे भारित कण घेऊन शिरतं, आणि त्या सोबतीच्या जोरावरच चढ चढतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या गल्लीतल्या मुलीही सोबत असल्याशिवाय कुठे जात नसत.

भाताचं स्वतःचं हे प्रथिन तोवर कुणी नीटसं पाहिलेलं नव्हतं. यीस्टमध्ये सापडलं होतं, मोहरीच्या कुळातल्या एका तणात सापडलं होतं, तेव्हा भातातही असणार अशी सगळ्यांची अटकळ होती. सर एका परदेशी शास्त्रज्ञाशी ईमेलवर बोलत. त्यासाठी ते बसस्टँडजवळच्या, नुकत्याच उघडलेल्या कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत उभे राहत आणि छापील कागद देवाचा प्रसाद आणावा तसा दोन्ही हातांत धरून आणत. त्या कागदांवर बारा दांड्यांची आकृती होती. मी ती वहीत पुन्हापुन्हा काढली. दरवेळी माझे दांडे अकरा किंवा तेरा होत.

प्रथिन डोळ्यांनी पाहता येईल असं आमच्याकडे काही नव्हतं. आम्ही त्याचं काम मोजणार होतो. रोपाला फॉस्फेट कमी पडलं की मूळ ही प्रथिनं जास्त बनवतं. म्हणजे तीन आठवडे उपाशी ठेवलेलं रोप आणि पोटभर खाल्लेलं रोप फॉस्फेटच्या सारख्याच पाण्यात वेगवेगळं उभं केलं, तर उपाशी रोपाने ते भराभर ओढून घ्यायला हवं. राहिलेल्या पाण्यात मॉलिब्डेटचं रसायन घातलं की फॉस्फेट असेल तितका निळा रंग चढतो. उपाशी रोपाचं पाणी फिकट राहायला हवं, पोटभरल्या रोपाचं गडद निळं. इतकं सोपं होतं ते. सर म्हणाले होते, "हा प्रयोग बिघडवायला विशेष बुद्धी लागते."

मी आईला हे सगळं समजावून सांगितलं, कारण घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. अप्पा पेपर वाचत ऐकल्यासारखं करत. आईने मात्र विळीवरचा हात थांबवून विचारलं, "आंत भूक लागली हें त्या दाराला कोण सांगतें गे?"

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते चष्मा काढून म्हणाले, "तुमच्या आईंना सांगा, हे अजून जगात कुणालाच माहीत नाही." मी घरी येऊन सांगितलं. आईने ते आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

रोपं वाढवायची होती आमच्याच गच्चीवर. कॉलेजची प्रयोगशाळा चारला बंद होई, सुट्टीत कुलूप लागे, आणि खिडकीत ऊन येत नसे. मी कॉलेजातून ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन सायकलच्या कॅरियरला बांधून आणायची. त्यात मीठमसाला, म्हणजे रोपाला लागणारे सगळे क्षार, मापून घालायची. सहा बरण्यांत फॉस्फेट, सहांत नाही. बरण्या आईच्या लोणच्याच्या, काचेच्या, बुडाशी रुंद. मुळांना उजेड लागू नये म्हणून बाहेरून काळा कागद. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलायचं आणि बरण्या धुवायच्या.

धुण्याबद्दल सरांचा एकच नियम होता, पण तो ते दर आठवड्याला सांगत. साबण नाही. साबणाची पावडर तर मुळीच नाही, तिच्यात फॉस्फेट असतं, एक चिमूट राहिली तरी महिन्याचं काम मातीत. प्रयोगशाळेतली काच आम्ही सौम्य आम्लात बुडवून ठेवत असू. पण तिथलं भांडं लहान, माझ्या बरण्या त्यात मावत नव्हत्या, आणि घरी आम्ल आणायचं नावही आईने काढू दिलं नाही. अनवाणी पायांच्या घरात आम्ल! त्यापेक्षा मी घासतें, ती म्हणाली. फक्त साबण लावायचा नाही, मी तिला बजावलं.

तिचा चेहरा असा उजळला की मला ते दृश्य अजून दिसतं.

आमच्याकडे सोवळ्याला मडी म्हणतात, आणि आईची मडी कडक होती. साबणात चरबी असते, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याला साबण कधी लागला नाही. त्याच वर्षी टीव्हीवर भांडी घासायच्या वडीच्या जाहिराती दिवसरात्र लागायच्या. अप्पांनी हौसेने एक वडी आणली, तर आईने ती मागच्या दारी चपलांच्या फळीवर ठेवून दिली. शेजारपाजारच्या सुना तिला हसायच्या. आणि आता कॉलेजातला शिकलेला माणूस म्हणत होता, साबण नको.

"सर म्हणाला की साबण नको म्हणून? बेष!" ती म्हणाली. "शिकला तो अस्क विसरत नाही, हें बघ." अस्क म्हणजे आमच्याकडे सगळं.

आमच्या न्हाणीघरात तांब्याच्या बंबाखाली गोवऱ्या जळत. त्यांची राख आई फडक्यातून गाळून डब्यात भरून ठेवायची. मैद्यासारखी बारीक राख. त्या राखेने, नारळाच्या काथ्याने ती बरण्या घासायची. मग विहिरीच्या पाण्याने तीनदा खळखळून, पालथ्या घालून उन्हात. त्यावर मी एकदा ऊर्ध्वपातित पाणी फिरवायची, म्हणजे शास्त्रही समाधानी. सरांचं सोवळं आणि आईची मडी इतकी बेमालूम जुळली की मला दोघांचाही अभिमान वाटला. उजेडात धरली तर बरणी किंचित धुरकट दिसे. जुनी काच आहे, मी म्हणायची.

पहिली खेप झाली. उपाशी आणि पोटभरल्या दोन्ही रोपांचं पाणी सारखंच निळं.

दुसरी खेप. तेच.

तिसऱ्या खेपेला उपाशी रोपांनी थोडं, अगदी थोडं जास्त ओढलं. मी आनंदाने उड्या मारल्या. सरांनी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाले, हा फरक नाही, ही तुमची इच्छा आहे.

मग सुरू झाला शंकांचा सपाटा. बियाण्यातच इतकं फॉस्फेट साठलं असेल की रोपं त्यावर जगत असतील? मी दाण्याचा उरलेला भाग काढून टाकायला लागले. गच्चीवर कबुतरं येतात, त्यांची विष्ठा? जाळी बांधली. ऊर्ध्वपातनाचं यंत्र खराब? कॅनमधलं पाणी तपासलं, शून्य. बरणीतलं पाणीच तपासू म्हणून तीन दिवस रोपं उभी राहिल्यानंतरचं पाणी नेलं. तेही शून्य, रंग चढेच ना. पाणी स्वच्छ, हवा स्वच्छ, बी स्वच्छ, आणि रोपं गुबगुबीत! अप्पा म्हणाले, राहुकाळात पाणी बदलू नकोस. मी त्यांच्यावर ओरडले. आणि मग, खोटं कशाला बोलू, दोन आठवडे राहुकाळ टाळूनही पाहिला.

एकदा सरांनी वेगळंच काढलं. हा आमच्या कावेरीकाठचा जुना वाण आहे, कदाचित याचं प्रथिन जगावेगळं असेल, हवेतून ओढल्यासारखं ओढत असेल. त्यांनी परदेशी मित्राला कळवलं. मित्राचं उत्तर आलं: फार रोचक. सर दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, रोचक म्हणजे त्याचा विश्वास बसलेला नाही.

डिसेंबरात पापनाशमच्या मावशीचं मनगट मोडलं. आई तिच्याकडे तीन आठवडे राहायला गेली. सकाळी स्वयंपाक, अप्पांचा डबा, कॉलेज, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. माझा जीव मेटाकुटीला आला. बरण्या घासायला वेळ कुठला, मी त्या नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा विसळायची आणि भरायची. आणि त्याच खेपेला चमत्कार झाला. उपाशी रोपं खरोखर उपाशी दिसायला लागली. पानं काळपट हिरवी, फुटवे नाहीत, मुळं लांबच लांब. प्रयोगशाळेत पाण्यात उभी केली तर दोन तासांत त्यांनी पाणी असं फिकट केलं की मी चाचणीची नळी पांढऱ्या कागदावर धरून सरांना हाका मारल्या. त्यांनी स्वतःच्या डब्यातली चिंचभाताची मूद माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नव्हतं.

आई परत आली तेव्हा मी तिला दारातच सांगितलं. "तू नव्हतीस ना, तर रोपं एकदाची उपाशी राहिली! सगळं बरोबर आलं!"

"असं की," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि पाय धुवायला मोरीत गेली.

सर म्हणाले, एकदा आलं म्हणजे आलं नव्हे, आणखी दोनदा येऊ द्या, मग अहवाल लिहू. मी निवांत होते. पोंगल झाला. नवी खेप लावली. आईने बरण्या घासल्या, मी पाणी फिरवलं, रोपं वाढली. आणि दोन्हींचं पाणी सारखंच निळं आलं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. मी वही घेऊन बसायची. वहीत सगळं होतं. बी कुठल्या पोत्यातलं, क्षार किती, ऊन किती तास, वीज कधी गेली, पाणी कितीला बदललं. चांगल्या खेपेत आणि वाईट खेपांत फरक एकही नाही. बरण्या कोण घासतं आणि कशाने, हे लिहायचं असतं असं मला सुचलंच नाही. साबण नाही, इतकं लिहिलं होतं. घासणं हे काम आहे असं वहीला वाटत नव्हतं, आणि मलाही. आज याची लाज वाटते.

फेब्रुवारी संपता संपता आणखी एक खेप तशीच गेली. सरांनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "ती एक खेप खरी की बाकीच्या पाच? मला तुमच्यावर संशय घ्यायचा नाही. पण पुण्याच्या बाईंना मी काय पाठवू? पाच नाहीत आणि एक हो, असं?" आणि मग, "त्या खेपेचे आकडे तुम्ही खरंच पाहिलेत ना?"

मी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले. मी खोटे आकडे लिहिले असं सरांना वाटलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे क्षणभर मलाही वाटलं. ती फिकट नळी मी पाहिली होती की मला ती हवी होती? पुणं गेलं हे तर उघडच होतं. पण मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा उरला नाही, ते जास्त लागलं. एका खेपेपुरता वेळ होता, तीन आठवडे आणि वर चार दिवस. पण तेच बी, तेच पाणी, तीच मी. पुन्हा करून वेगळं काय होणार होतं?

मी जेवेनाशी झाले. रुसून नव्हे, घास खरंच उतरत नव्हता. आई ताट वाढे, मी दोन शितं चिवडून उठे. तिने मोरमिळगाय तळून दिली, ताकात मुरवलेली मिरची, मला फार आवडते. ती तशीच राहिली. अप्पा म्हणाले, ओरत्तनाडूचे लोक चांगले आहेत, घरात दोन गाई आहेत. मी गाईंचा विचार करत गच्चीवर जाऊन बसले.

पाचव्या दिवशी सकाळी आई गच्चीवर आली. नवी खेप लावायची तर आज शेवटचा दिवस होता. रिकाम्या बरण्या तिने पदरात आणि दोन्ही हातांत धरून वर आणल्या होत्या, न घासलेल्या. माझ्यासमोर एकेक मांडली.

"आता तूच धू," ती म्हणाली. "राख लावूं नको."

मी एक बरणी उचलून उजेडात धरली.

"कढीलिंबाच्या बुडाला राख कशाला घालतों आपण?" तिने विचारलं.

"फुटतो म्हणून."

"मग?"

ते एका क्षणात माझ्या डोक्यात शिरलं. शेणाची राख. फॉस्फेट. लहानपणापासून मी स्वतः कढीलिंबाला, केळीला, जाईला मुठीमुठीने राख घालत आले होते. तीच राख काचेच्या खरखरीत बुडात चिकटून राहत होती, क्षारांमुळे किंचित आंबट झालेल्या माझ्या पाण्यात विरघळत होती, आणि उपाशी रोपं ती मुकाट्याने खात होती. तीन दिवसांनी मी पाणी तपासलं तेव्हा त्यात काही नव्हतं, कारण त्यांनी ते संपवलं होतं! दाराचं काम मी मोजायला बसले होते आणि दाराने आपलं काम इतकं चोख केलं की मलाच मागमूस लागला नाही. चांगली खेप कुठली? आई पापनाशमला होती ती. मी खोटं लिहिलं नव्हतं. माझे डोळे ठीक होते. मी मोठ्याने हसायला लागले आणि तिचा हात धरला.

"आई, तुला आत्ता सुचलं हे?"

तिने हात सोडवून घेतला. बरण्यांकडे बघत म्हणाली, "आत्ता नाही. पापनाशमहून आलें, तू दारांत सांगितलीस ना, तेव्हांच."

मी हसायची थांबले. पापनाशमहून ती आली त्याला आता दोन महिने होऊन गेले होते.

"मग त्यानंतर कशाने घासत होतीस?"

"राखेनंच."

"माहीत असून?"

"माहीत असून."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. माझा राग वाईट आहे, आणि त्या दिवशी तो सगळा बाहेर आला. तू माझं वर्ष घालवलंस म्हटलं. सरांनी मला खोटारडी ठरवलं ते तुझ्यामुळे म्हटलं. माझा श्वास संपल्यावर ती म्हणाली, "पुणें कोठें आहे मला ठाऊक नाही. दोन दिवस गाडीत बसायचं म्हणतात. गेलीस तर परत येशील की नाही, कायकी. ओरत्तनाडू तासाचा रस्ता. म्हणून घासलें."

"मग आत्ता का सांगतेस?"

"तू जेवत नाहीस."

मी बरण्यांकडे तोंड फिरवलं.

"पांच दिवस ताट तसंच उठतंय," ती म्हणाली. "तुला उपाशी ठेवून जवळ ठेवायचं, हें मला जमेना गे. जा, कोठें तें जा. पण जेव."

ती खाली गेली. तिचे उपकार मानावेत की तिच्याशी जन्मभर बोलू नये, मला ठरवता येईना. खरं सांगायचं तर अजूनही नीट ठरलेलं नाही. काही दिवस मला ते दोन महिने आठवतात आणि काही दिवस ती सकाळ. मग भूक लागली म्हणून मी खाली गेले. तिने पान वाढलं. मी भिंतीकडे तोंड करून सार-भात खाल्ला, ताक-भात खाल्ला. तिने तिसऱ्यांदा भात वाढला, मी नको म्हटलं नाही.

दुपारी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, आईने जाणूनबुजून केलं तेवढं सोडून. ते म्हणाले, राख, आणि स्वतःच्याच कपाळाला हात लावला. माफी मागितली नाही, पण आम्लाचा कॅन स्वतः उचलून माझ्या सायकलला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

घरात आम्ल आणताना मला वाटलं, आई दारातच अडवेल. तिने बाजूला होऊन वाट दिली. मी गच्चीवर प्लॅस्टिकच्या टपात आम्ल ओतलं, हातमोजे घातले, आणि एकेक बरणी आत बुडवली. आई कठड्याजवळ लांब बसली होती. घरात कुणी काहीतरी धुतंय आणि तिचे हात मांडीवर रिकामे आहेत, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

"या वेळेला बरोबर येईल?" तिने विचारलं.

"येईल," मी म्हटलं. माझा राग अजून गेला नव्हता.

"किती दिवस लागतात?"

"तीन आठवडे."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग पदर सावरत उठली आणि म्हणाली, "तीन आठवडे आहेस तर अजून."